शंभुनाथ डे यांची सायटेशन्स: तीन ठिकाणी तीन आकडे का?

मुक्ता_वाचते: कॉलऱ्याचं विष शोधणारे कोलकात्याचे शंभुनाथ डे (1915–1985) यांच्यावर लेख लिहायचाय. 'नेचर'मधल्या त्यांच्या 1959च्या पेपरला गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे लेख शोधायचे तीन डेटाबेस वेगवेगळी सायटेशन्स (म्हणजे इतर लेखांनी त्याचा किती वेळा संदर्भ दिला ते) दाखवतात. कोणता आकडा द्यावा? एच-इंडेक्सही द्यावा का?

संदर्भ_विभाग: एच-इंडेक्स नको. निदान 'एच' इतकी सायटेशन्स मिळालेले 'एच' लेख, असा तो मोजतात, म्हणून तो लेखांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. पाचच लेख आणि प्रत्येकाला हजार सायटेशन्स असली तरी एच 5च. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी तो 2005 साली मांडला. डे तेव्हा हयातही नव्हते.

आकडे जुळत नाहीत त्याची कारणं साधी आहेत. स्कोपसमध्ये लेखांच्या संदर्भयाद्या साधारण 1970पासूनच्या आहेत, म्हणजे पहिल्या दहा वर्षांतली सायटेशन्स जवळपास गायब. वेब ऑफ सायन्स बरंच मागे जातं, पण तुमच्या ग्रंथालयाने कोणत्या वर्षापासूनचं वर्गणीत घेतलंय ते आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी जुने भाग घेतलेलेच नसतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, एकाच लेखाच्या दोन प्रती असं सगळं मोजतं, त्यामुळे तिथला आकडा फुगतो.

वेब ऑफ सायन्समध्ये साध्या शोधावर थांबू नका, 'साइटेड रेफरन्स सर्च' उघडा. लेखकाच्या रकान्यात आडनाव, मग आद्याक्षर आणि पुढे तारांकन, नियतकालिक नेचर, वर्ष 1958 ते 1960. खरी नोंद खंड 183, पान 1533. तिच्या आसपास पान किंवा वर्ष चुकलेल्या नोंदी सापडतात, त्यांच्यावर खुणा करून एकत्र निकाल काढा. 'डे' आडनावाची तर आणखी गंमत: फ्रेंच-स्पॅनिश नावांतल्या 'द'शी रोमन अक्षरांत तंतोतंत सारखं, शिवाय त्याच आद्याक्षरांचे दुसरे बंगाली लेखकही आहेत. नावावरून बेरीज केलीत तर भलत्याचीच पुण्याई डे यांच्या खात्यावर पडेल.

जंतुवेडा: आकड्यापेक्षा दरवर्षी किती सायटेशन्स मिळाली त्याचा आलेख द्या आणि त्यामागची गोष्ट सांगा. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला आणि विषाची शंकाही बोलून दाखवली. पण पुढे विष जंतूच्या अंगातच असतं, तो फुटला की बाहेर येतं, असं मानलं गेलं. जनावरांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत टोचून पाहणाऱ्यांना जुलाब दिसले नाहीत, कारण हे विष आतड्याच्या आतल्या अस्तरावर काम करतं. डे आणि चॅटर्जी यांनी 1953 साली उपाशी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला, आत कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर (जंतू वाढवलेला द्रव) टोचलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं: तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. 1959 साली जंतू गाळून काढलेला नुसता द्रव टोचला, तरी तेच. विष जंतू बाहेर सोडतो, हे तिथे ठरलं.

दखल मात्र उशिरा. 1969 साली फिंकलस्टाइन आणि लोस्पाल्युटो यांनी विष शुद्ध केल्यावर बरेच लेखक त्यांचाच संदर्भ देऊ लागले. बांधलेल्या आतड्याची पद्धत तर इतकी अंगवळणी पडली की ती कोणाची, हे लिहिण्याची गरजच लोकांना वाटेना. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी या प्रकाराला नावही दिलंय: ज्ञान मुरलं की श्रेय पुसतं.

मुक्ता_वाचते: म्हणजे कमी सायटेशन म्हणजे कमी प्रभाव, असं नाही लिहायचं?

जंतुवेडा: अजिबात नाही. कोण कोणाचा संदर्भ देतं याची सूची, सायन्स सायटेशन इंडेक्स, ज्यांनी उभी केली त्या यूजीन गारफिल्ड यांनीच 1986 साली कॉलरा-संशोधनाचा नकाशा मांडताना डे यांच्यावर सविस्तर लेख लिहिला. 1978च्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रणही डे यांना आलं होतं.

परळकर: एक पुरवणी. मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता आणि हब्बू यांनी 1955 साली सशाच्या पिल्लांत कॉलरा घडवून दाखवला होता. तिथल्याच दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचा विषावरचा पेपर 1959 सालीच 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त आला, खंड 78. दोन्ही पेपरांचे आलेख शेजारी ठेवा. तुलनेला एकाच काळातले, एकाच विषयातले पेपर हवेत. 2020मधल्या कोविडच्या पेपरशेजारी डे यांना बसवलंत तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरणार नाही.

संदर्भ_विभाग: आणि आकडा छापताना शेजारी 'अमुक डेटाबेस, अमुक तारखेला पाहिलेला' हे लिहाच. पुढच्या महिन्यात तो बदललेला असतो.