स्टार्टला लाइनचे फायद्याचे टोक महत्त्वाचे की मोकळी लेन?

बंदरकाठ:

मुंबई बंदरात ऑप्टिमिस्ट आणि लेसर या छोट्या शिडाच्या होड्या चालवणाऱ्या मुलामुलींना मी गेली अनेक वर्षे शिकवतो आहे, आणि शर्यतीनंतर धक्क्यावर एक वाक्य वारंवार ऐकतो: ‘सर, पिन फायद्याची होती, म्हणून मी पिनला गेलो.’ असे सांगणारी मुले बहुधा शर्यतीत मागे पडलेली असतात. त्यांनी लाइन बरोबर ओळखलेली असते, तरीही स्टार्ट बिघडलेला असतो, आणि याचा दोष मी त्यांना नव्हे, तर आम्हा शिकवणाऱ्यांना देतो. फायद्याचे टोक गाठण्याचा धडा आपण फार लवकर देतो, असे माझे ठाम मत आहे.

नव्या वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. स्टार्टची लाइन म्हणजे शर्यत समितीची कमिटी बोट आणि दुसऱ्या टोकाचा बोया, म्हणजे पिन, यांना जोडणारी रेषा. ती वाऱ्याला अगदी काटकोनात असेल, तर दोन्ही टोके सारखी असतात. ती जराही तिरपी झाली की एक टोक वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकते आणि तिथून निघणाऱ्याला कमी अंतर कापावे लागते. लाइनवर होडीचे नाक थेट वाऱ्यात धरले असता ते ज्या टोकाकडे झुकलेले दिसते, ते टोक फायद्याचे. २०० मीटर लांबीच्या लाइनवर ५ अंशांचा कल असेल, तर दोन टोकांमध्ये सुमारे १७ मीटरांचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ चार लेसरच्या लांबीएवढा. हा आकडा ऐकल्यावर कोणालाही टोकाकडे धावावेसे वाटेल. मात्र हा लाभ त्या टोकावरून सर्वांत आधी, पूर्ण वेगाने निघणाऱ्या एका होडीला, फार तर दोन होड्यांना मिळतो. तिथे जमलेल्या बाकीच्या दहा-पंधरा होड्या एकमेकींच्या शिडांनी ढवळलेल्या वाऱ्यात अडकतात, टॅक घ्यायला (वाऱ्यातून वळून शिडाची बाजू बदलायला) जागा नसल्याने तिथेच रखडतात आणि शेवटी इतरांच्या मागून वाट काढत बाहेर पडतात. शिवाय हिवाळ्यात सकाळचा मतलई वारा पडल्यानंतर वायव्येचा खारा वारा पुरता बसेपर्यंत दिशा सतत हलत असते, त्यामुळे स्टार्टच्या चार मिनिटे आधीच्या झेंड्याला मोजलेला कल स्टार्टचा हॉर्न होईपर्यंत नाहीसा झालेला असू शकतो.

स्टार्ट चांगला झाला की नाही, हे हॉर्नच्या क्षणी नव्हे, तर त्यानंतर तीस सेकंदांनी पाहावे, असे मी मुलांना सांगतो. होडी पूर्ण वेगात आहे का, वारा स्वच्छ मिळतो आहे का आणि हवे तेव्हा टॅक घेता येईल का, हे त्या वेळी कळते. त्यासाठी शिकाऊ खलाशाने गर्दीच्या टोकापासून लाइनच्या एक तृतीयांश आत उभे राहावे, वाऱ्याखालच्या बाजूला दीड-दोन होड्यांची मोकळी जागा राखावी आणि शेवटच्या सात-आठ सेकंदांत नाक वाऱ्यापासून थोडे उतरवून, शीड ओढून त्या जागेत वेग घ्यावा. टोकाची लढाई दुसऱ्या किंवा तिसऱ्या मोसमात शिकवता येते. इतरांना काय वाटते?

खडकवासला स्टारबोर्ड:

आपल्या अनुभवाचा आदर राखूनही मला हे मत मान्य नाही. मी धरणाच्या पाण्यावर शिकलो. तिथे लाइन आखूड, पहिला बोया जवळ आणि डोंगरांमधून उतरणारा वारा क्षणाक्षणाला फिरणारा असतो. जी होडी पहिल्या फळीत निघते, तिलाच पहिला झोत मिळतो आणि मागच्यांना तो मिळेपर्यंत अर्धी शर्यत झालेली असते. अशा पाण्यावर चार होड्यांच्या लांबीचा फरक सोडून देणे परवडत नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. लाइनच्या मध्यभागी उभे राहणारे खलाशी लाइन नेमकी कुठे आहे हे ओळखू शकत नाहीत, कारण दोन्ही टोके दूर असतात आणि पुढे जाण्याच्या भीतीने प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून थोडा मागेच राहतो. सगळी फळी मध्यभागी मागे वाकते. मी दोन मोसम अशा सुरक्षित मध्यात काढले आणि स्टार्ट उत्तम झाल्याच्या समजुतीत राहिलो. मोठ्या स्पर्धेत गेल्यावर किनाऱ्यावरून काढलेला फोटो पाहिला, तेव्हा माझी होडी लाइनच्या चांगली दोन लांबी मागे होती. पिनजवळ मुलाला लाइन डोळ्यांसमोर दिसते, चुकले तर लगेच कळते आणि वाऱ्याखालच्या होडीचा वाटेचा हक्क काय असतो, हे तो अंगावर घेऊन शिकतो. हे शिक्षण दोन वर्षे पुढे ढकलले, तर त्या मुलाला कायम एक पाऊल मागे थांबण्याची सवय जडेल.

ऑप्टीची आई:

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या स्पर्धेत काळा झेंडा लागलेला असताना ती शेवटच्या मिनिटात पिनपाशी लाइनच्या पलीकडे गेली आणि परत येण्याची संधी न मिळता बाद ठरली. तीस होड्यांमध्ये ३१ गुण पदरी आले (इथे कमी गुण चांगले), आणि सोडून देता येणारी एकमेव शर्यत त्यातच गेली. त्यानंतरचे सगळे स्टार्ट तिने घाबरत घाबरत घेतले. म्हणून मी बंदरकाठ यांच्या बाजूने आहे. पण एक प्रश्न दोघांनाही विचारते: दोन तासांच्या सरावात मुले स्टार्ट घेतात किती? आमच्याकडे तीन, फार तर चार. ज्या गोष्टीचा सरावच होत नाही, ती मध्यावर शिकवली काय आणि टोकावर शिकवली काय, किती फरक पडणार?

बंदरकाठ:

ताईंचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. सहा होड्या, दोन बोये आणि तीन मिनिटांची उलटी गिनती एवढ्यावर तासाभरात दहा-बारा स्टार्ट सहज होतात, आणि पहिला टप्पा फक्त तीस सेकंदांचा ठेवला की मुले थकतही नाहीत.

फळी मध्यभागी मागे वाकते, हे खडकवासला स्टारबोर्ड यांचे निरीक्षण खरे आहे, परंतु त्यावरचा उपाय टोकाला जाणे हा नसून ट्रान्झिट घेणे हा आहे. स्टार्टपूर्वी कमिटी बोटीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन तिचा खांब आणि पिन एका रेषेत आणावी आणि त्यांच्या पलीकडे किनाऱ्यावर काय दिसते, एखादी चिमणी, इमारतीचा कोपरा, हे लक्षात ठेवावे. नंतर लाइनवर कुठेही असताना पिन त्या खुणेवर आली की आपण नेमके लाइनवर आहोत. पुढच्या होड्यांनी ती झाकली जाते, म्हणून कमिटी बोटीमागचीही एक खूण हवी.

बंदरात हे दुप्पट महत्त्वाचे ठरते. अर्ध्या नॉटचा प्रवाह एका मिनिटात होडीला सुमारे १५ मीटर नेतो. उधाणाच्या भरतीला पाणी उत्तरेकडे चढत असते आणि वारा वायव्येचा असतो, तेव्हा थांबलेली होडीही लाइनकडे सरकत राहते. ओहोटीला उलट होते आणि हॉर्नला सगळेच मागे असतात. घड्याळ पाहून केलेला अंदाज प्रवाहात चुकतो, खूण मात्र पाण्याबरोबर हलत नाही.

कमिटी बोटीवरून:

मी शर्यत समितीत काम करतो, म्हणून लाइनच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. आपण दोघेही टोकाचा फायदा ही निसर्गाची देणगी असल्यासारखे बोलत आहात. प्रत्यक्षात पिन कुठे टाकायची हे आम्ही ठरवतो. अगदी काटकोनात लाइन टाकली, तर बहुतेक होड्या कमिटी बोटीशेजारी गर्दी करतात, कारण तिथून उजवीकडे वळणे सोपे असते. म्हणून आम्ही पिन किंचित पुढे देतो, जेणेकरून होड्या पसरतील. एवढा थोडा कल असेल, तर मध्यावरून निघण्यात फारसे नुकसान नाही. पिन खूप पुढे गेली आणि भरती असली, तर जनरल रिकॉल, म्हणजे सगळ्यांना परत बोलावून पुन्हा स्टार्ट, हमखास ठरलेला. अशा वेळी काळ्या झेंड्याच्या आधी स्टार्ट लांबवून पिन मागे घेणे हे आमचेच काम आहे, आणि ते आम्ही नेहमी वेळेवर करत नाही, हे मला मान्य आहे.

खडकवासला स्टारबोर्ड:

ट्रान्झिटबद्दल वाद नाही. पण आपली ‘दीड-दोन होड्यांची मोकळी जागा’ तीस होड्यांच्या फळीत शेवटच्या चाळीस सेकंदांपर्यंत टिकते कुठे? मागून पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने घेत) आलेला कोणीही तुमच्याखाली टॅक घेऊन तीच जागा बळकावतो, आणि मग वाऱ्याखालची होडी म्हणून हक्क त्याचा असतो. जागा राखण्यासाठी टिलर (सुकाणूचा दांडा) आणि शीड वापरून होडी जागच्या जागी थोपवता आली पाहिजे, योग्य क्षणी नाक त्या पोर्टवाल्याकडे वळवून त्याला पुढे धाडता आले पाहिजे, आणि हे कौशल्य गर्दीतच येते. म्हणून माझ्या मुलांना मी पहिल्याच मोसमात पिनला पाठवतो, मात्र सरावात, जिथे गुण मोजले जात नाहीत.

बंदरकाठ:

सरावात पाठवता, हे आपण आधी लिहिले असते, तर माझा निम्मा विरोध तिथेच संपला असता. शर्यतीच्या दिवशी मात्र मी माझ्या ऑप्टिमिस्टवाल्यांना या मोसमातही एक तृतीयांश आतच उभे करणार आहे. पोर्टवाल्याला पुढे धाडण्याचा सराव येत्या रविवारपासून लावतो. त्यासाठी दोन मोठी मुले मुद्दाम जागा बळकावायला ठेवेन.