खेळण्यातल्या घोड्याचं खोगीर की जीन?

सुईदोरा
रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून बार्बीच्या मापाचा प्लास्टिकचा घोडा आणला. आयाळीचा नुसता लगदा झाला होता आणि अंगावर सामान काहीच नव्हतं. आयाळ कोमट पाण्यात भिजवली, कंडिशनर चोळला आणि टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी विंचरली. आता जुन्या पर्सचं चामडं आतून तासून पातळ केलंय, त्याची बैठक बेतते आहे. कृती मैत्रिणींसाठी मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. या बैठकीला खोगीर म्हणायचं की जीन? खाली फेल्टची घडी आहे, ती वेगळीच. तोंडावरच्या पट्ट्यांना मात्र लगाम म्हणणार आहे.

पागेवाला
ताई, फेल्टला आपल्याकडे नमदा म्हणतात. आणि खरं तर ती घडी म्हणजेच खोगीर! फारसीत खोय म्हणजे घाम, गीर म्हणजे धरणारा. घोड्याचा घाम टिपणारी गादी ती खोगीर. आत चिंध्याबिंध्या कोंबायच्या, म्हणून खोगीरभरती. वर बसायचं चामड्याचं ते जीन, ते बनवणारे जीनगर. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच खोगीर म्हणतो, त्यात चूक काही नाही. पण कृतीत दोन थर असतील तर दोन शब्द वापरा, वाचणारीचा गोंधळ होणार नाही.

सुईदोरा
प्लास्टिकच्या घोड्याला घाम कुठला! पण पटलं. मग गाशा म्हणजे?

पागेवाला
खोगिरावर घालायचं आच्छादन. मुक्काम हलवताना तो गुंडाळायचा, तोच वाक्प्रचारात आला.

जुनी वही
लगामाबद्दल माझी एक हरकत. तोंडात लोखंडी कडियाळं असेल तरच तो लगाम. खेळण्याच्या घोड्याचं तोंड मिटलेलं, त्यामुळे तोंडावरून नुसत्या पट्ट्याच जाणार. ती म्होरकी, बैलाला असते तशी.

पागेवाला
इतकं काटेकोर कशाला? हातात धरायचा पट्टा आला की लोक लगामच म्हणणार. मी तरी लगामच लिहीन.

सुईदोरा
मीही. म्होरकी म्हटलं की मला बैलच दिसतो. पोटाखालून आवळायचा पट्टा तंग, एवढं माहीत होतं. शेपटीखालून जाणारा?

जुनी वही
दुमची. दुम म्हणजे शेपूट, हेही फारसीच. गंमत बघा, शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण घोड्याच्या पाठीवर खोगीर, जीन, लगाम, तंग, रिकीब (पाय अडकवायची कडी) हेच राहिले. खोगिराला संस्कृतातलं पर्याण कोण म्हणतं आज? तंग तर दुहेरी: पट्टाही तंग आणि घट्टही तंग.

सुईदोरा
रिकिबीनेच छळलंय. कागदाची पिन वाकवून केली, पण बाहुलीचं पाऊल उंच टाचेच्या चपलेसाठी घडवलेलं, चवडा खाली झुकलेला. रिकिबीत घातलं की सटकन निसटतं. शेवटी रिकिबीला आतून लोकरीचा धागा गुंडाळला, आता टिकतंय.

अजून एक: घोडा पांढरा, त्यावर मी तपकिरी ठिपके रंगवणार आहे. याला अबलख म्हणता येईल?

पागेवाला
ठिपके नकोत, मोठे चट्टे काढा. मग अबलख.