नदीकाठच्या वाटेवर कोणती घंटी? माझं मत: पितळी वाटी, एकच टोला

मांडवीकाठ

पणजीतल्या कांपालचा नदीकाठ, मिरामार ते दोनापावला, दिवाडी-चोडण बेटांचे बांध. या वाटांवर आता चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतात. सायकली वाढल्या याचा मला आनंदच आहे, पण त्यांच्याबरोबर हँडलवरचे बॅटरीवाले हॉर्नही वाढलेत. पाकिटावर १०० च्या वर डेसिबल छापलेले असतात आणि घेणारा ते बघूनच घेतो. माझं म्हणणं सरळ आहे. जिथे माणूस पायी चालतो तिथे सायकलला हॉर्न नको. घंटी हवी, तीही पितळी वाटीची, एक टोला देणारी. आणि ती लांबून वाजवावी, अंगावर जाऊन नव्हे.

आपल्या दुकानात मिळते ती नेहमीची घंटी आतून चालते. खटका दाबला की दातेरी चक्रं फिरतात आणि त्यांच्यावरच्या सुट्या चकत्या वाटीला आतून आपटत राहतात. म्हणून ट्रिंग-ट्रिंग. रस्त्यावर ती ठीक, पण नदीकाठी पाठीमागून ऐकू आली की माणूस दचकतो. दुसऱ्या जातीच्या घंटीला बाहेरून एक छोटा हातोडा असतो. तो अंगठ्याने ओढून सोडला की एकच टोला पडतो आणि नाद विरत जातो. तेवढ्यात चालणारा मान वळवतो, बघतो, आणि मग सरकतो.

आता अंतर. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४ मीटरहून थोडं जास्त. २० मीटरवरून वाजवलीत तर समोरच्याला जवळपास ५ सेकंद मिळतात. ताशी २५ ने जात असाल तर ३ सुद्धा मिळत नाहीत. घंटी कितीही चांगली असली तरी हा हिशेब चुकला की ती निरुपयोगी.

तुमची मतं लिहा. वेगळी असली तरी लिहा.

बोरीपूल_ते_फोंडा

बाब, तुम्ही सकाळी साडेसहाच्या मिरामारचं बोलताय. संध्याकाळी या. वारा समुद्रावरून, लाटांचा आवाज, शेजारून बांदोडकर मार्गाची वाहतूक आणि निम्म्या लोकांच्या कानात इयरफोन. तिथे तुमचा एक टोला कुणाला ऐकू जाणार?

डेसिबलचं भय दाखवू नका. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवर १०० असलेला हॉर्न १६ मीटरवर ७६ राहतो. म्हणजे लांबून वाजवायचंच असेल तर दमदार आवाज हवा. आणि मी नदीकाठापर्यंत उडत येत नाही. फोंड्याहून येताना ट्रक असतात, बस असतात. तिथे डिंग करून कोण बाजूला होणार?

मांडवीकाठ

ट्रकवाल्याला बंद काचेतून, इंजिनच्या आवाजात घंटीही ऐकू येत नाही आणि तुमचा हॉर्नही येईलच याची खात्री नाही. रस्त्यावर तुम्हाला मागचा लाल दिवा, उजळ कपडे आणि सरळ चाल वाचवते.

१६ मीटरचा हिशेब बरोबर आहे, पण हॉर्नवाले १६ मीटरवर बटण दाबतात का? खांद्याशी येऊन दाबतात. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, २००० सालापासूनचे नियम आहेत, आणि हे १०० च्या घरातलं यंत्र एखाद्याच्या कानापासून हातभर अंतरावर वाजतं.

सांतिनेजची_चालणारी

मला तुमच्या दोघांचंही पटत नाही. नदीकाठचा पदपथ चालणाऱ्यांचा आहे. तिथे सायकल पाहुणी. पाहुण्याने घंटी वाजवून घरच्यांना उठवायचं, ही कुठली रीत?

माझी आई ७८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, काठी घेऊन चालते. मागून घंटी वाजली की ती आधी जागच्या जागी थांबते. मग मान वळवायचा प्रयत्न करते, पण मानेबरोबर तिचं सगळं अंगच वळतं आणि काठी आडवी होते. म्हणजे घंटीमुळे ती बाजूला होत नाही, नेमकी मधे येते. त्यापेक्षा सायकलवाला मागे हळू झाला, "आजी, उजवीकडून जातो" म्हणाला, तर ती उभी राहून त्याला जाऊ देते, वर हसते.

जपानमध्ये सायकलला घंटी लागते, पण चालणाऱ्यांना हटवायला ती वाजवणं तिथल्या वाहतूक कायद्यात बसत नाही. धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच वाजवायची. तुमच्यातले कुणी जपानी घंट्या मागवत असतील, तर हेही घ्या.

दिवाडीचा_बांध

ताईंचं पणजीपुरतं मान्य. पण बांधावर या.

आमच्याकडचे खाजनाचे, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतीचे, बांध ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. एका बाजूला नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला शेत, मधे पाऊल-दोन पाऊल मातीची वाट आणि तिच्यावर गवत. कुणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली असेल तर तिला मागचं दिसत नाही आणि भाऱ्यामुळे नीट ऐकूही येत नाही. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, ओहोटीला जाळं लावून बसलेले असतात, त्यांचं सगळं लक्ष पाण्यावर. अशा जागी घंटी वाजवून तुम्ही त्या माणसाला सांगता काय? सरक. कुठे सरकणार तो? पाण्यात?

बांधावर घंटी एकदाच, वळणाआधी, पलीकडून कुणी येत असेल तर कळावं म्हणून. माणूस दिसला की उतरायचं, "बाय, फाटल्यान (मागून) सायकल येता" म्हणायचं आणि ढकलत जायचं. फेरीबोटीतून सायकली घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही. सायकली भाड्याने देणाऱ्यांनी सांगायला हवं.

साळगावची_सकाळ

एवढा खल कशाला? गोव्याने या प्रश्नाचं उत्तर कधीच काढलंय. पदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, रबरी भोंगा! पों-पों. बॅटरी नाही, खालचा स्वर असल्यामुळे म्हाताऱ्यांना ऐकू जातो, कुणी दचकत नाही, आणि गावातल्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. मी तोच लावलाय. लोक वळून बघतात.

दिवाडीचा_बांध

वळून बघतात कारण त्यांना पाव हवे असतात.

हे मी मनापासून सांगतोय. पों-पों ऐकलं की बायका हातातलं काम टाकून पिशवी आणि सुटे पैसे घेऊन गेटपर्यंत येतात. उंडे, पोय, कांकणं, सगळं त्या एका आवाजावर विकलं जातं. पूर्वी पदेर पायी यायचे तेव्हा खुळखुळणारी काठी आपटत यायचे, आता भोंगा. हा त्यांच्या पोटाचा आवाज आहे. उद्या हौशी सायकलवाल्यांनी सगळीकडे पों-पों सुरू केलं तर लोक चार वेळा फसतील आणि पाचव्या वेळी खरा पदेर आला तरी उठणार नाहीत. आधीच बेकऱ्या बंद पडत चालल्या आहेत. कृपा करून तो आवाज त्यांच्यापुरता राहू द्या.

साळगावची_सकाळ

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. गावात वाजवणार नाही. पण खालच्या स्वराचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

कानांचं_काम

सोडूही नका, तो मुद्दा खरा आहे. मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले स्वर आधी जातात. आज हँडलवर शोभून दिसणाऱ्या चिमुकल्या घंट्यांचा किणकिणाट तिशीतल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतो, आणि ज्याला सावध करायचं त्या सत्तरीतल्या माणसाला तो अर्धाही पोचत नाही. मग सायकलवाला म्हणतो, "म्हातारा मुद्दाम हटत नाही." मुद्दाम नसतं ते.

धातू आणि जाडी तीच असेल तर वाटी जितकी मोठी तितका स्वर खाली. म्हणून चालणाऱ्यांच्या वाटेसाठी घंटी निवडताना दिसण्यापेक्षा वाटीचा व्यास बघा. लहान दोन-अडीच सेंटिमीटरची घेण्यापेक्षा साडेपाच-सहाची घ्या. आणि हो, इयरफोनवाल्यांसाठी कुठल्याच घंटीचा भरवसा धरू नका. बाहेरचा आवाज दाबणारे इयरफोन असले तर हॉर्नचाही नाही. तिथे ब्रेकच.

सांतिनेजच्या ताई, तुमच्या आईंच्या बाबतीत बोलणं चांगलं हे बरोबर. पण बोललेले शब्द कळायला ऐकू चांगलं यावं लागतं, आणि वाऱ्यात मागून आलेलं वाक्य अनेक ज्येष्ठांना नुसती कुजबुज वाटते. टोला निदान "काहीतरी येतंय" एवढं तरी सांगतो. आधी टोला, मग हळू, मग शब्द.

सांतिनेजची_चालणारी

त्या तिन्हींतलं "हळू" तेवढं कुणी करत नाही. माझा राग घंटीवर नाही, घंटी वाजवून त्याच वेगाने निघून जाणाऱ्यावर आहे.

मडगाव_रिपेरी

दुकानदार म्हणून चार गोष्टी.

पितळ म्हणून बाजारात जे दिसतं ते सगळं पितळ नसतं. चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर मुलामा. लोखंडी वाटी वाईट वाजत नाही, पण आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. कोलव्या-बाणावलीच्या बाजूची गिऱ्हाइकं येतात त्यांच्या घंट्यांचा क्रोम आधी कडेला फुगतो, मग पापुद्रे सुटतात आणि नाद बसतो. पितळ काळवंडतं, हिरवट डाग येतात, पण वाजतं. चिंचेने घासलं की पुन्हा चकचकीत. ॲल्युमिनियमच्या रंगीत वाट्या मुलांच्या सायकलीला ठीक, टक् होऊन आवाज तिथेच संपतो.

पितळी घंटीतसुद्धा मधला स्क्रू आणि हातोड्याची स्प्रिंग बहुधा पोलादी असते. गंजून अडकतं ते तिथे. मशीनच्या तेलाचा एक थेंब स्प्रिंगच्या मुळाशी, बस्स. वाटीला तेल चोपडू नका. घरातलं खोबरेल तर अजिबात नको, धूळ धरून चिकट होतं.

घंटी मुकी वाटली की लगेच नवीन घेऊ नका. दहातल्या बऱ्याच वेळा ब्रेकची केबल वाटीला टेकलेली असते किंवा स्क्रू जास्त आवळलेला असतो. वाटी कशाला टेकली तर नाद मेला. पावसात पाणी धरलं तरी तेच, झटकलं की सुटतो.

माप बघून घ्या. मुठीजवळ हँडल साधारण २२.२ मिलिमीटरचं असतं, नव्या सायकलींचं मधे, स्टेमपाशी (हँडल सायकलला जिथे जोडतं तिथे), ३१.८. २२ ची पट्टी ३१ वर ओढून बसवायला जाऊ नका, तुटते. आणि मधे बसवून करायचं काय? तिथवर जायला हात मुठीवरून उचलावा लागतो. ज्या क्षणी घंटी लागते त्याच क्षणी ब्रेक लागतो. अंगठा पोचेल आणि बोटं ब्रेकवरच राहतील, अशीच जागा.

बोरीपूल_ते_फोंडा

हे शेवटचं सोन्यासारखं बोललात. माझ्या हॉर्नचं बटण मुठीलाच आहे, म्हणूनच मला तो सोयीचा वाटतो.

चोर्ल्याची_चढण

सगळे पणजीवरच अडकलेत. डोंगरातल्या पायवाटांचं काय? उतारावर, झुडपांतून, आंधळं वळण. दोन्ही हात ब्रेकवर घट्ट. तिथे अंगठा मोकळा नसतो. मी अशा वाटेवर सतत किणकिणणारी घंटी लावतो, गुराच्या गळ्यातल्या घंटेच्या जातीची. सायकल हादरली की आपोआप वाजते आणि खटका फिरवला की गप्प. 'टिंबर' नावाच्या परदेशी कंपनीची प्रसिद्ध आहे, पण तत्त्व साधं असल्यामुळे हुशार माणूस इथेही बनवून घेईल. लाकडं-काजू गोळा करायला गेलेल्या माणसाला मी दिसायच्या खूप आधी ऐकू येतो. दचकण्याचा प्रश्नच नाही, आवाज हळूहळू वाढत येतो.

चोडणचे_पक्षी

डोंगरात ठीक. कृपया ही सतत वाजणारी वस्तू चोडणला आणू नका. सलीम अली अभयारण्य सगळं मिळून पावणेदोन चौरस किलोमीटरचं आहे. रायबंदरहून फेरीने उतरलं की लगेच खारफुटी. तिथे लोक तास तास गप्प उभे राहतात तेव्हा कुठे खंड्या जवळच्या फांदीवर येऊन बसतो. तिथली वाट पायी चालण्याची आहे, सायकल दाराशी ठेवा.

चोर्ल्याची_चढण

खटका म्हणूनच असतो. गावात शिरताना आणि अभयारण्याजवळ मी बंद करतो. पण तुमची हरकत रास्त आहे, प्रत्येकजण आठवणीने बंद करेलच असं नाही.

मांडवीकाठ

दोन गोष्टी मी माझ्या म्हणण्यात जोडून घेतो. वाटी मोठी हवी, हे कानांचं_काम यांनी सांगितलं ते मला मोलाचं वाटतं. आणि बांधावर माणूस दिसला की उतरायचं, तिथे कुठलीच घंटी नाही.

पदपथावर घंटीच नको, हे मात्र मी मानणार नाही. ताई, घंटी काढून टाकली तर हळू न होणारा माणूस हळू होणार नाही, फक्त न सांगता अंगावर येईल. जर्मनीत तर स्पष्ट वाजणारी घंटी सायकलवर असलीच पाहिजे असा नियम आहे, आणि तिथे चालणाऱ्यांचा मान आपल्यापेक्षा कमी नाही.

सांतिनेजची_चालणारी

असू दे घंटी. पण वाजल्यावर चाकाचा वेग उतरलेला मला दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी आईला घेऊन मधेच उभी राहणार, बाजूला होणार नाही. हे मी रागाने नाही, ठरवून लिहितेय.

बोरीपूल_ते_फोंडा

हॉर्न मी काढत नाही, बोरीच्या पुलावर मला तो हवाच. पण नदीकाठासाठी वेगळी घंटी लावायला हरकत नाही. रिपेरीवाले बाब, हॉर्नचं बटण उजव्या मुठीला आहे, डावीकडे गिअरचा खटका. सहा सेंटिमीटरची वाटी बसेल का?

मडगाव_रिपेरी

बसेल. गिअरचा खटका थोडा आत सरकवून घंटी मूठ आणि त्याच्या मधे घ्या, वाटी वर न ठेवता किंचित पुढे कलती करा, म्हणजे केबलला लागणार नाही. येताना सायकलच घेऊन या, नुसतं माप फोनवर सांगू नका.