पहिल्यांदा पाठीवर सॅक टाकून बोलिव्हिया: तुमचे अनुभव सांगा

सांजवात: आज एकादशीची दाण्याची आमटी ढवळताना वासासरशी ला पाझचा बाजार आठवला, म्हणून हा धागा. २०१८ साली पहिल्यांदाच एकटी सॅक घेऊन निघाले होते, तीन आठवडे बोलिव्हिया. तिसऱ्या दिवशी बाजारात एका मावशींसमोर बाकड्यावर जाऊन बसले, दोन लांब वेण्या, डोक्यावर गोल हॅट, घेरदार परकर. त्यांनी वाडगा पुढे केला, सोपा दे मानी, म्हणजे शेंगदाण्याचं सार, वर बटाट्याचे तळलेले काप. पहिला घोट घेतला आणि डोळे भरूनच आले, आईच्या आमटीची चव! मावशी मला 'कसेरिता' म्हणाल्या, तिथे विकणारी गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाईक तिला, दोघी एकमेकींना तेच म्हणतात. शेंगदाणा, बटाटा, मिरची, साबुदाण्याचा कंदसुद्धा, सगळं मूळचं त्याच खंडातलं. आपला अख्खा उपास तिकडून आलाय! गेला असाल तर लिहा ना.

रानवाटा: ला पाझला लागून असलेल्या एल आल्तोला उतरलो, विमानतळच ४,०६१ मीटरवर, आपलं कळसूबाई १,६४६. सॅक उचलून दहा पावलं चाललो तर छाती धपापायला लागली, डोकं फुटतंय असं वाटलं. हॉस्टेलच्या आजींनी कोकाच्या पानांचा, म्हणजे ज्यापासून कोकेन काढतात त्या पानांचा, चहा दिला आणि हाताने खूण केली, झोप. दोन दिवस झोपूनच होतो. नवख्यांनी आधी सांता क्रूझला उतरावं, ते सखल आहे, मग हळूहळू वर चढावं.

मोगरी: आमटीत मांस नव्हतं का गं?

सांजवात: @मोगरी असतं, बहुतेक गाईचं. मी खाते, आणि त्या दिवशी एकादशी नव्हती 😊

पाऊसवेडा: टिटिकाका सरोवराला जाताना तिकिना, म्हणजे सरोवराचा अरुंद भाग, ओलांडायचा! बसमधून सगळ्यांना उतरवतात, माणसं छोट्या होडीतून आणि बस रिकामी लाकडी तराफ्यावर. माझी सॅक बसमध्ये, पासपोर्ट सॅकमध्ये, बस पाण्यावर डुलतेय आणि मी काठावरून बघतोय. तेव्हापासून पासपोर्ट कायम अंगावर.

अनुची आई: मुलगी डिसेंबरला चाललीये, एकटीच. हे सगळं वाचून पोटात गोळा आला.

रानवाटा: @अनुची आई काकू, काळजी करू नका, लोक फार मायेचे आहेत. फक्त पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्यायला सांगा आणि कार्ड जपून ठेवू दे, परत येताना आपल्याकडे विमानतळावर मागतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आणि कोकाचा चहा आठवण म्हणून आणायचा नाही, पुड्यासुद्धा नाहीत, आपल्याकडे बेकायदेशीर.

अनुची आई: लिहून घेतलं. देव भलं करो बाळा.

तिखटमीठ: कुणी चुन्यो खाल्लाय? बटाटे रात्री उघड्यावर कडाक्याच्या थंडीत गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात नि उन्हात वाळवतात, वर्षानुवर्षं टिकतात. हातात घेतला तर खडा, वजनच नाही. आजी गच्चीवर धोतरावर बटाट्याचा कीस वाळत घालायची नि मला कावळे हाकायला बसवायची त्याची आठवण झाली, तिथे मात्र गोठवायला थंडी फुकट.

मोगरी: आमच्याकडे कीस अजून करतात. सांजवात, आमटीला दाणे भाजून की कच्चे?

सांजवात: आपल्या आमटीला भाजून, जिऱ्याची फोडणी, दोन आमसुलं. त्या मावशी कच्चेच वाटायच्या, तसं एकदा करून बघ, उतू जातं, गॅसपासून हलायचं नाही. चला, भगर लागतेय खाली.