मदत हवी आहे : वाइनरीचा चोथा आणि धुण्याचं पाणी

नमस्कार मंडळी. नारायणगावजवळ आमची अडीच एकर शिराझ (वाइनची द्राक्षं) आहे, आणि शेजारीच चुलतभावाची छोटी वाइनरी. बागेचं बरं चाललंय. ठिबक आहे, ओळींत ताग पेरून गाडतो, बुंध्याशी उसाचं पाचट टाकतो. खरड छाटणीनंतरच्या उन्हात पाचटाखालची ओल टिकते, हे स्वतः अनुभवलंय.

घोडं अडलंय ते वाइनरीपाशी. द्राक्षं दाबून रस निघाला की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका चोथा उरतो: साली, बिया, थोडे देठ. गेल्या वर्षी तो तसाच गांडूळखताच्या बेडवर ओतला. आंबट चोथा तो, गांडुळं दोन दिवसांत पसार! वासाने शेजारीही वैतागले, तो भाग वेगळा. यंदा शेण आणि पालापाचोळ्याबरोबर थर देऊन आधी कुजवायचा विचार आहे. प्रमाण काय ठेवता? किती दिवसांनी गांडुळं सोडता? बिया लवकर कुजत नाहीत, त्यांचं काय करता?

दुसरं म्हणजे टाक्या धुतलेलं पाणी. धुवायला वापरतो त्या कॉस्टिक सोड्यातलं सोडियम जमिनीत साठतं, म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर जायचं म्हणतोय. महाग पडतं, पण पोटॅश वेलीला लागतंच. असं पाणी मुरवून कुणी बागेला दिलंय का?

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाणारच आहे. त्याआधी स्वतः करून पाहिलेल्यांचं ऐकायचंय. एका सल्लागाराने पैसे घेऊन नुसती छापील पुस्तिका हातात ठेवली, तेव्हा ते नको.