मदत हवी आहे: कामाचे तुकडे केल्यापासून टीमचा दर्जा घसरलाय, आखणी कशी बदलू?

नमस्कार मंडळी,

मी विमा दाव्यांच्या विभागात टीम लीडर आहे, हाताखाली बारा जण. दीड वर्षापूर्वीपर्यंत एक दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे असायचा. कागदपत्रं तपासणं, रक्कम काढणं, ग्राहकाशी बोलणं, पत्र पाठवणं, सगळं त्याच्याकडेच. मग वरून आदेश आला की काम सुटसुटीत करा. आता तिघं फक्त कागद बघतात, तिघं रक्कम काढतात, तिघं पत्रं लिहितात, तिघं फोन घेतात.

पहिले दोन-तीन महिने आकडे खरंच वाढले, आणि मीच ते कौतुकानं वर कळवले होते. नंतर फायली परत यायला लागल्या. कागद बघणाऱ्याला शंका असते, पण पुढचा बघेल म्हणून तो फाईल सरकवतो. पुढच्याला वाटतं, आधीच्यानं बघितलंच असेल. फोनवरच्या मुलीला ग्राहक विचारतो, "माझा दावा का नाकारला?" तिला काय सांगता येणार? निर्णय तिचा नाही, फाईलही तिनं पाहिलेली नाही. मधल्या काळात दोघं नोकरी सोडून गेले. त्यातली एक आमच्याकडची सगळ्यांत अनुभवी. जाताना म्हणाली, "मी तपासलेल्या दाव्याचं पुढे काय होतं ते मला कधी कळतच नाही." तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

वरिष्ठ म्हणतात लोक ढिले पडलेत, फायलींच्या संख्येवर इन्सेन्टिव्ह लावा. माझी खात्री आहे की त्यानं सरकवासरकवी आणखी वाढेल.

काम कसं आखलं की माणूस त्यात रमतो, यावरचं हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांचं १९७६ चं मॉडेल वाचलं. कामात विविधता, काम पूर्ण हातावेगळं केल्याची जाणीव, कामाचं महत्त्व, स्वायत्तता आणि कामातूनच मिळणारा फीडबॅक, असे पाच गुण ते धरतात. पटलं. पण अडचणी अशा:

एक, पैसे मंजूर करणारा आणि तपासणारा वेगळाच हवा, असा ऑडिटचा नियम आहे आणि तो योग्यही आहे. मग पूर्ण काम एकाला द्यायचं कसं?
दोन, तिघांना आताचं ठरावीक कामच आवडतं. त्यांच्यावर जबरदस्ती करावी का?
तीन, वरिष्ठांना पटवायला काय मोजू?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं सेवा केंद्र सांभाळलं, तिथे हीच चूक केली होती. आधी एक सावधगिरी: लोकांना आलटून-पालटून चारही टेबलांवर बसवू नका. एका निरस कामाला दुसरं निरस काम जोडलं की माणूस दमतो, गुंतत नाही. नुसतं काम वाढवणं वेगळं आणि कामात जबाबदारी वाढवणं वेगळं, हा फरक मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी १९६८ मध्येच मांडला होता.

तुम्ही वाचलेल्या मॉडेलचं सूत्र पुन्हा बघा. पहिल्या तीन गुणांची सरासरी काढतात, पण स्वायत्तता आणि फीडबॅक यांनी तिला गुणतात. म्हणजे या दोहोंपैकी एक जरी तळाला गेलं तरी सगळं खाली येतं. तुमच्याकडे फीडबॅक तळाला आहे, आणि तो सुधारायला आदेश बदलावा लागत नाही. दाव्याचा निकाल आणि परत आलेली फाईल, दोन्ही मूळ तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसू द्या. कारणासकट.

ऑडिटसाठी जोड्या करा. दावा एकाच्या नावावर, तोच कागद, रक्कम, पत्र आणि फोन बघेल. मंजुरीची सही जोडीदाराची. नियमही पाळला जातो आणि दाव्याला मालकही मिळतो.

ज्यांना नको त्यांना ओढू नका. वाढीची ओढ प्रत्येकात सारखी नसते, हे त्या मॉडेलमध्येच आहे. साधे, छोटे दावे त्यांच्याकडे राहू देत.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त जबाबदारीबरोबर अधिकारही द्या. कामाच्या ताणाचे अभ्यासक कॅरासेक यांची १९७९ ची मांडणी हेच सांगते: कामाची मागणी जास्त आणि हातात नियंत्रण कमी, तिथे ताण सर्वाधिक. ग्राहकाला राहिलेला कागद आणायला मुदत वाढवून देणं एवढं तरी दावा हाताळणाऱ्याच्या हातात असावं.

आणि मानसशास्त्रज्ञ ग्रँट यांचा २००७ चा प्रयोग वरिष्ठांना जरूर सांगा. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांना अशा देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला जेमतेम पाच मिनिटं भेटवलं. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त झाली होती. पगार तोच, काम तेच.

धागाकर्ती

मनापासून आभार. जोडीची कल्पना मला सुचलीच नव्हती. स्वतःहून तयार असलेल्या चौघांना घेऊन सहा आठवडे करून बघायची परवानगी उद्याच मागते. मोजणार दोनच गोष्टी: पहिल्या फेरीत बिनचूक सुटलेले दावे, आणि दावा आल्यापासून निकालापर्यंतचे दिवस. परत आलेली फाईल सध्या नवी म्हणून मोजली जाते, हे आज लिहिताना लक्षात आलं. ते आधी थांबवते.

अजून एक विचारायचं राहिलं. चौघांना वेगळं काढलं की बाकीच्या आठ जणांना डावललं असं वाटेल का? त्यांना आधी काय सांगावं?