काजी, वजीर, दिवाण यांचं स्पेनमध्ये काय झालं?

प्रश्न : स्पॅनिशमध्ये नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात. त्याचं मूळ आपल्या ‘काजी’शी जुळतं असं ऐकलं. खरं का? असे आणखी शब्द आहेत का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उत्तर : अगदी खरं. दोन्हींचं मूळ अरबी, अर्थ न्यायाधीश. आपल्याकडे तो फारसीमार्फत आला, म्हणून नुसता ‘काजी’. स्पेनमधली रयत थेट अरबी बोलणाऱ्यांच्या अमलाखाली राहिली, म्हणून ‘अल्’ हे अरबी उपपदही (इंग्रजी ‘the’सारखं) शब्दाला चिकटलं. ‘दिवाण’चंही तसंच: अद्-दीवानचं (पुढच्या ‘द’मुळे ‘अल्’चं ‘अद्’) झालं ‘आदुआना’, म्हणजे तिकडची जकातकचेरी.

७११ मध्ये मुसलमान सेनापती तारिक इब्न झियाद जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये आला तेव्हा तिथे व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीचे राजे होते, त्यांच्याआधी रोमन. व्हिसिगॉथांनी रयतेचीच लॅटिन उचलली. त्यांची खूण आज दिसते ती रोद्रिगो, अल्फोन्सो, फेर्नांदो अशा नावांत. अरबी मात्र कारभारात आणि शेतीपाण्यात खोल मुरली.

मला सगळ्यांत जास्त गुंतवतो तो वजीर. बुद्धिबळाच्या पटावर आपण ज्याला सर्वांत बलाढ्य मानतो, तो स्पेनमध्ये ‘आल्ग्वासिल’ होऊन उतरत उतरत कोर्टाचा बेलीफ झाला. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाणी-न्यायालय बसतं. आठ पाटांचे शेतकरी प्रतिनिधी गोल बसतात, आल्ग्वासिल एकेका पाटाचं नाव पुकारून ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांना बोलावतो, निवाडा तिथल्या तिथे तोंडी होतो. पाटाला स्पॅनिश शब्द ‘आसेकिया’, तोही अरबी ‘साकिया’वरून. १२३८ मध्ये आरागॉनचा राजा हायमे पहिला याने शहर जिंकलं, पण पाण्याच्या वाटण्या मूरांच्या (तिथल्या मुसलमानांच्या) काळच्या रिवाजानेच चालू ठेवल्या. राजा बदलला तरी पिकाला पाणी वेळेवरच लागतं ना!

पुढे १५६७ मध्ये फिलिप दुसऱ्याने ग्रानादात अरबी बोलण्या-लिहिण्यावरच बंदी घातली आणि १६०९ पासून फिलिप तिसऱ्याने मोरिस्कोंना, म्हणजे बळाने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढलं. ज्यांच्या पूर्वजांनी हे शब्द दिले त्यांचीच ही गत झाली, हे फार लागतं.

पुरवणी प्रश्न : मग ‘आसूकार’ म्हणजे आपली साखरच का?

उत्तर : हो. संस्कृत ‘शर्करा’ फारसीतून अरबीत जाऊन ‘सुक्कर’ झाली आणि उपपदासकट स्पेनमध्ये ‘आसूकार’. ‘नारान्खा’ म्हणजे संत्रं, तेही आपल्या ‘नारिंग’च्याच कुळातलं, त्याला मात्र ‘अल्’ चिकटलेलं नाही.